चंदेरी पायांची माशी आणि व्हीसीवाला डॉक्टर

दानापूरला पोस्टिंग येऊन आता सव्वा वर्ष झालं. गंगेच्या काठची ही छावणी जुनी आहे, इमारती जुन्या आहेत आणि इथल्या माशा त्याहूनही जुन्या आहेत. मागच्या पावसाळ्यापासून आमच्या कंपनीत एक नवीनच प्रकार सुरू झालाय. कुणालाही रात्री काही चावलं, की तो आधी मोबाइल काढतो, भिंतीवरच्या त्या ठिपक्याचा फोटो घेतो आणि मला पाठवतो. "सर, ये कौन सी है?" कुणीतरी उठवलंय की मला माशा ओळखता येतात. ते अर्धंच खरं आहे. फोटोतून काय ओळखता येतं आणि काय नाही, एवढं मात्र मला आता बऱ्यापैकी कळतं. त्या शोधात जो इतिहास हाती लागला, तो आज तुमच्यापुढे ठेवतो.

बिहारमध्ये हा प्रश्न गमतीचा नाही. इथे 'बालू मक्खी' म्हटलं की म्हाताऱ्या माणसांचा चेहरा बदलतो. बालू मक्खी म्हणजे सँडफ्लाय, आपल्याकडे पुस्तकात तिला वाळूमाशी म्हणतात. तिची एक जात कालाआजार पसरवते. महिनोन्‌महिने ताप, प्लीहा सुजून पोट फुगतं, माणूस वाळत जातो, कातडी काळवंडते. औषध मिळालं नाही तर बहुतेक रोगी जगत नाहीत. म्हणून "ये कौन सी है" या प्रश्नाला इथे वजन आहे.

आधी फोटोबद्दलच सांगतो. माझ्याकडे आलेल्या फोटोंत निम्म्याहून जास्त माशा न्हाणीघरातल्या असतात. गटाराच्या जाळीजवळ, ओल्या टाइलवर बसलेली, केसाळ, पतंगासारखी दिसणारी छोटी माशी. पंख घराच्या छपरासारखे खाली उतरते. ही चावत नाही. तिचं तोंडच चावण्यालायक नाही. ती सँडफ्लायच्याच कुळातली, म्हणून घोटाळा होतो. खरी सँडफ्लाय बसते तेव्हा तिचे पंख पाठीवर उभे, इंग्रजी व्ही अक्षरासारखे फाकलेले असतात. अंग दोन-तीन मिलिमीटरचं, पाठीला कुबड, पाय लांब आणि बारीक. उडते पण फार नाही, भिंतीवर टुणटुण उड्या मारत सरकते. आवाज अजिबात नाही. डासाचा निदान कानाशी भुणभुणाट तरी होतो. साध्या मच्छरदाणीच्या भोकातून ही आरामात आत येते.

पंखांवर ठिपके आणि दोन्ही पंख कात्रीच्या पात्यांसारखे एकावर एक मिटलेले असतील तर ती तिसरीच, क्युलिकॉइडिस नावाची. आणि अरुणाचलला जे राहिलेत त्यांना डिमडाम आठवत असेलच. जाडसर, काळी, दिवसा चावणारी, चावल्या जागी रक्ताचा ठिपका ठेवणारी. ती सिम्युलियम. वाहत्या स्वच्छ ओढ्यांत तिच्या अळ्या दगडांना चिकटून वाढतात, त्यामुळे दानापुरात तिचं काही काम नाही. हे चार गट चांगल्या फोटोवरून वेगळे करता येतात. बाजूने एक फोटो, वरून एक, शेजारी मापाला काहीतरी, एवढं असलं की पुरे.

पण सँडफ्लाय आहे एवढं कळून कालाआजाराच्या बाबतीत काही साधत नाही. भारतात सँडफ्लायच्या पन्नासाच्या घरात जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक माणसाच्या वाटेला जात नाहीत. काही पालींचं रक्त पितात. कालाआजार पसरवणारी जात भारतात एकच, फ्लेबोटोमस अर्जेन्टिपेस. लॅटिनमधल्या त्या नावाचा अर्थ चंदेरी पायांची. ती एक वेगळी आहे आणि तीच दोषी आहे, हे ठरायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली. ही चाळीस वर्षं फार रंजक आहेत.

सुरुवात कलकत्त्यापासून करू. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिथल्या इंडियन म्युझियममध्ये नेल्सन अ‍ॅनन्डेल नावाचा प्राणिशास्त्रज्ञ होता. पुढे 1916 साली झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया उभा राहिला, त्याचा हा पहिला संचालक. त्याच काळात कलकत्त्यात एन्रिको ब्रुनेटी नावाचा एक संगीतकार राहत होता. पोटापाण्याचा धंदा संगीताचा आणि वेड माशांचं. म्युझियमच्या पेट्यांतल्या माशा पाहून तो त्यांच्या नोंदी करायचा. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या जाडजूड ग्रंथमालेतले माशांवरचे सुरुवातीचे खंड याच्याच हातचे, पहिला 1912 चा. 1908 साली या दोघांच्या नावावर एका छोट्या माशीची नोंद झाली, ती अर्जेन्टिपेस. पाय चंदेरी दिसले, नाव दिलं, टाचणीला लावून ठेवून दिली. ही माशी पूर्व भारतात गावंच्या गावं रिकामी करतेय, हे दोघांच्या गावीही नव्हतं. तसं माहीत असायचं काही कारणही नव्हतं.

कारण रोगाचा माग तेव्हा वेगळ्याच लोकांच्या हातात होता, आणि त्यात आपल्या पेशाचा भाग मोठा आहे. कालाआजाराच्या सरकारी नोंदी गारो टेकड्यांमधून 1882 च्या सुमारास येऊ लागल्या. पुढच्या वीस वर्षांत साथ ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातून वर सरकत गेली. डॉक्टर तिला वाईट जातीचा मलेरिया समजत होते. मलेरियाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस आसामला जाऊन आले, त्यांचंही मत तेच पडलं. मग 1900 साली इंग्लंडमधल्या नेटलीच्या लष्करी रुग्णालयात एक शिपाई मेला. तो कलकत्त्याजवळच्या डमडम छावणीत असताना तापाने आजारी पडला होता. (डमडम म्हणजे तीच, जिच्या दारूगोळा कारखान्यामुळे 'डमडम गोळी' हे नाव जगभर बदनाम झालं.) विल्यम लीशमन या लष्करी डॉक्टरने त्याच्या प्लीहेच्या लेपात बारीक अंडाकृती कण पाहिले आणि 1903 मध्ये ते छापून आणले. त्याच वर्षी मद्रासला चार्ल्स डोनोव्हनला तेच कण सापडले. रॉसने दोघांची नावं जोडून जंतूला नाव दिलं, लीशमानिया डोनोव्हानी.

जंतू सापडला. पण तो एका माणसातून दुसऱ्यात जातो कसा? इथे गाडी वीस वर्षं अडकली. सगळ्यात जास्त संशय ढेकणावर होता. लिओनार्ड रॉजर्सने 1904 मध्ये प्रयोगशाळेत हा जंतू वाढवून दाखवला, त्यालाही ढेकूणच वाटत होता. मद्रासला पॅटनने ढेकणांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. आज हसू येतं, पण विचार करा: गरिबाच्या झोपडीत रात्री रक्त पिणारं, डोळ्यांना दिसणारं, हाताने पकडता येणारं काय असतं? ढेकूणच. जी माशी दिसत नाही, ऐकू येत नाही, तिच्यावर कोण संशय घेणार?

आता या गोष्टीत माझा आवडता माणूस येतो. जॉन अलेक्झांडर सिंटन. जन्म 1884, कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरात, वाढला आयर्लंडच्या उत्तरेत. 1911 मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या परीक्षेत पहिला आला आणि भारतात आला. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि तो मेसोपोटेमियाला पोहोचला.

मराठी वाचकांना तो मोर्चा परका नाही. तुर्कांनी कूत-अल-अमारा इथे जनरल टाउनशेंडची सहावी पुणे डिव्हिजन वेढली होती. 103 वी, 110 वी आणि 117 वी मराठा पलटण त्या वेढ्यात अडकली होती. सातारा, कोल्हापूर, कोकणातल्या कितीतरी घरांची माणसं तिथे उपाशी बसली होती. त्यांना सोडवायला बाहेरून जी फौज धडका देत होती, तिच्यात कॅप्टन सिंटन होता. 21 जानेवारी 1916 ला ओराच्या पडक्या अवशेषांजवळ तो तुफान गोळीबारात जखमींना बघत होता. त्याच्या दोन्ही दंडांतून गोळ्या गेल्या, बरगडीतही एक लागली. हॉस्पिटलला जायला त्याने नकार दिला. उजेड होता तोवर तिथेच काम करत राहिला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कूत मात्र सुटलं नाही. 29 एप्रिलला शरणागती झाली आणि आपली माणसं कैदेत गेली. त्यातले किती परत आले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

सिंटनला पुढे रॉयल सोसायटीचीही फेलोशिप मिळाली, 1946 साली. व्हीसी आणि एफआरएस दोन्ही असलेला जगात तो एकटाच. आमच्या मेसमध्ये हे सांगितलं तेव्हा एक तरुण कॅप्टन म्हणाला, "मग त्याचं नाव आम्हाला अकॅडमीत का नाही शिकवलं?" मी म्हटलं, माशांमुळे. ज्याने रणगाडे मोडले तो पुस्तकात जातो, ज्याने माशा मोजल्या तो तळटीपेत.

युद्धानंतर सिंटन माशांकडे वळला, त्यालाही लष्करी कारण होतं. सरहद्दीवरच्या छावण्यांत उन्हाळा आला की पलटणीच्या पलटणी तीन दिवसांच्या तापाने आडव्या व्हायच्या. मरायचं कुणी नाही, पण बंदूकही कुणाला उचलवायची नाही. हा ताप पापाटासी नावाच्या सँडफ्लायमुळे होतो, हे 1909 मध्ये ऑस्ट्रियाच्या लष्करी डॉक्टरांनी हर्झेगोविनात दाखवून दिलं होतं. म्हणजे फौजेला सँडफ्लाय ओळखणारा माणूस हवाच होता. सिंटनने कसौलीत बसून देशभरातून सँडफ्लाय मागवायला सुरुवात केली. 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये 1920 च्या दशकापासून त्याच्या भारतीय फ्लेबोटोमसवरच्या टिपा एकामागून एक येत राहिल्या. एकेका टिपेत एखादीच जात, तिच्या अवयवांच्या रेखाकृती आणि ती कुठेकुठे सापडली त्या गावांची यादी.

वाचायला रुक्ष. पण त्या याद्यांतच उत्तर होतं. सिंटनने माशांच्या जातींचा भूगोल आणि रोगांचा भूगोल शेजारी शेजारी ठेवला. पापाटासी पंजाबात, सरहद्दीवर भरपूर, पण तिथे कालाआजार नाही. अर्जेन्टिपेस बंगाल, बिहार, आसाम, मद्रास या ओलसर भागात, आणि कालाआजारही तिथेच. 1924-25 च्या सुमारास त्याने हे मांडलं. ना रोग्याला हात लावला, ना माशीच्या पोटात जंतू पाहिला. फक्त ओळख पक्की आणि नकाशा चोख. सैनिकाला यातली मेख लगेच कळेल: शत्रूच्या पलटणीचा बिल्ला ओळखता आला की निम्मं काम झालं. सगळ्यांना सरसकट 'तुर्क' म्हणून चालत नाही.

त्याच सुमारास कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये नोल्स, नेपियर आणि स्मिथ यांनी कालाआजाराच्या रोग्यांचं रक्त अर्जेन्टिपेसला पाजलं आणि काही दिवसांनी माशीच्या पोटात शेपटीवाले जंतू वळवळताना पाहिले. सरकारने कालाआजार कमिशन नेमलं. ख्रिस्टोफर्स, शॉर्ट, बॅरॉड ही मंडळी आसामात जाऊन बसली. तिथेही तेच दिसलं. आता फक्त माशी चावून रोग होतो एवढं दाखवायचं राहिलं होतं.

आणि ते होईना. वर्षं गेली. प्रयोगाच्या प्राण्यांना माशा चावत होत्या, रोग होत नव्हता. एखाद्‌दुसरा हॅम्स्टर आजारी पडला तेवढाच. उत्तर शेवटी मनुक्यांत निघालं. प्रयोगशाळेत माशीला एकदा रक्त पाजलं की पुढे पुन्हा रक्तच द्यायचे. 1940 च्या सुमारास स्मिथ आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की रक्तानंतर फळांचा, मनुक्यांचा गोड रस दिला तर जंतू माशीच्या घशाशी येऊन बुचासारखे बसतात. अशी माशी चावायला गेली की तिला रक्त ओढता येत नाही, ती उलट आतला माल बाहेर टाकते. उघड्यावर माशी झाडांचा गोड रस पितच असते. हे कळल्यावर स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी आसामात पाच स्वयंसेवकांवर प्रयोग केला आणि 1942 मध्ये निकाल छापला. रोग झाला. खटला संपला. 1903 ते 1942, हिशेब करा.

त्या पाच जणांबद्दल मी बऱ्याचदा विचार करतो. मरणाचा म्हणून माहीत असलेला रोग मुद्दाम अंगात घ्यायचा. तोवर उपेंद्रनाथ ब्रह्मचारींचं युरिया स्टिबामिन आलेलं होतं, 1920 च्या सुमारास कलकत्त्यातल्या एका अपुऱ्या सोयींच्या खोलीत त्यांनी बनवलेलं. त्या औषधाने आसामात असंख्य माणसं वाचली. औषध नसतं तर असा प्रयोग कुणी करू दिला नसता. तरीही. मेडल देताना आपण फक्त गोळ्या मोजतो.

आता परत फोटोकडे येऊ. सिंटन आणि त्याच्या काळातले लोक माशी ओळखायचे कशी? डोळ्यांनी नाही. ब्रुनेटीच्या काळात रंग, केस, पंखांच्या शिरा यांवर भिस्त होती, आणि त्यातून गोंधळ वाढत होता. एकाच जातीला दोन नावं पडत, दोन जाती एका नावाखाली जात. केस तर पकडताना आणि वाहून नेतानाच झडतात. मग 1920 च्या दशकात नजर बाहेरून आत वळली. माशी कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवून पारदर्शक करायची, काचपट्टीवर बाल्समखाली पसरायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली तीन जागा बघायच्या: तोंडाच्या पोकळीतले बारीक दात, घशातला काट्यांचा पट्टा, आणि मादीच्या पोटातली शुक्राणू साठवण्याची पिशवी. या पिशवीला काही जातींत मण्यांच्या माळेसारखे कप्पे असतात, काहींत ती गुळगुळीत, काहींत फुग्यासारखी. नराची ओळख शेपटाकडच्या पकडीवरून. अशा कामात सिंटनचा वाटा एवढा मोठा की सँडफ्लायच्या एका गटाला सिंटोनियस हे नाव पडलं.

म्हणून कुणी मला मोबाइलवरचा फोटो पाठवून विचारतो, "सर, ही कालाआजारवाली का?" तेव्हा मी सरळ सांगतो की फोटोवरून ते कुणीच सांगू शकत नाही. जास्तीत जास्त दोन गोष्टी बघता येतात. बाजूने, तिरक्या उजेडात, पोटावरचे केस स्पष्ट आले असतील आणि ते उभे असतील, तर ती फ्लेबोटोमस गटातली असण्याची शक्यता जास्त. केस आडवे निजलेले असतील तर सर्जेन्टोमिया, म्हणजे बहुधा पालींची गिऱ्हाईक. दुसरं म्हणजे अंग काळपट आणि पाय पांढरे-चंदेरी चमकत असतील तर शंका घ्यायला जागा आहे. ही झाली शंका. मोबाइलमधलं एखादं अ‍ॅप छातीठोकपणे पूर्ण लॅटिन नाव सांगतं, तेव्हा त्याने तिच्या पोटातली पिशवी पाहिलेली नसते एवढं ध्यानात ठेवायचं. फोटो काढून झाला की माशी काचेच्या नळीत पकडा, तारीख आणि जागा लिहा, एमआय रूममध्ये द्या. पाटण्यात कालाआजारावर काम करणारी राजेंद्र मेमोरियल ही संस्था 1963 पासून आहे, तिथे हे बघणारी माणसं आहेत. आणि सर्वात महत्त्वाचं: दोन आठवड्यांहून जास्त ताप असेल तर माशी विसरा, डॉक्टरकडे जा. माशीचं नाव नंतर कळलं तरी चालतं.

तुम्ही म्हणाल, एवढी काटेकोर ओळख हवीच कशाला, सरसकट फवारणी करावी. केली होती. 1950 च्या दशकात मलेरियासाठी घराघरांत डीडीटी मारलं गेलं आणि आयत्या बिळावर नागोबा तसा त्याचा फायदा कालाआजाराच्या बाबतीतही झाला. रोग जवळजवळ दिसेनासा झाला. फवारणी थांबली आणि 1970 च्या दशकात बिहारमध्ये तो मोठ्या साथीने परतला. पुन्हा डीडीटी आलं, आणि हळूहळू इथल्या अर्जेन्टिपेसने डीडीटीला दाद देणंच सोडलं. शेवटी 2015 च्या सुमारास औषध बदलावं लागलं. कोणती जात कोणत्या विषाला मरते, हे तपासायचं तर आधी हातातली माशी कोणती हे ठरवावं लागतं. भिंतीला फक्त सहा फुटांपर्यंत फवारतात, कारण ही माशी उड्या मारत खालीच राहते. शेण, ओली माती, भिंतीच्या भेगा, गुरांचा गोठा, हे तिचं घर. हे सगळं ओळखीतूनच आलेलं शहाणपण आहे. आज बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश आणि बंगालमधल्या 54 जिल्ह्यांच्या 633 ब्लॉकमध्ये दहा हजारांमागे एकाहून कमी रोगी, ही पातळी 2023 मध्ये गाठली गेली.

आपल्याकडे महाराष्ट्रात कालाआजार नाही म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात 1965 साली तापाच्या रोग्यांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला, पुण्याच्या प्रयोगशाळेने त्याला गावाचंच नाव दिलं. तो पसरवण्यातही संशय सँडफ्लायवरच. चाळीस वर्षं कुणी त्याची फारशी फिकीर केली नाही. 2003 मध्ये आंध्रात 329 मुलं त्याने आजारी पडली आणि 183 गेली. विदर्भातही त्या वर्षी मुलं दगावली. ताप आल्यापासून एक-दोन दिवसांत सगळं संपतं, इतका तो वेगवान.

आणि अर्जेन्टिपेसची ओळख तरी कुठे पूर्ण झालीय? सिंटनने 1923 मध्ये तिच्यासारख्याच दिसणाऱ्या एका माशीला अ‍ॅनन्डेलचं नाव दिलं होतं. 1953 मध्ये तशीच आणखी एक नोंदली गेली, ग्लॉकस. मधल्या काळात बऱ्याच जणांनी या तिन्ही एकच धरल्या. 2010 मध्ये एका भारतीय संशोधकाने मिशांवरच्या संवेदी केसांची लांबी मोजून त्या पुन्हा वेगळ्या काढल्या. मिशीच्या एका सांध्याच्या तुलनेत केस किती लांब, एवढाच काय तो फरक. त्यातली कोणती गोठ्यात राहते, कोणती माणसाच्या अंथरुणापर्यंत येते, हे गावागावांतून माशा गोळा करून, पोटॅशमध्ये टाकून, एकेक करून तपासणं अजून सुरू आहे.